चष्म्याची डावी बाजू

मिल्या, काल चिखलीहून एकाचा फोन आला होता. लग्नांचं शूटिंग करतो म्हणाला. आधी जयभीम, मग "भाऊचं ऐकून लय वाईट वाटलं ताई," आणि मग आला मुद्द्यावर. "त्या चष्म्याचं काय करता?"

मी म्हटलं, "कोनता चष्मा?" जसा काही आपल्या घरात चष्म्यांचा ढीग पडलाय.

"तो ड्रोनचा. भाऊ डोळ्याले लावून उडवत होते ना, तो. द्याचा असन तं मी घेतो. रविवारी मोताळ्याले येनं आहेच माहं. पन दोन्ही पडदे चालू आहेत ना?"

आता त्याला काय सांगणार, तूच सांग. ब्लाऊजची बाही मशीनमध्ये अर्धी तशीच राहिली. "पाहून सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला. मग बाही उलटी जोडली आणि सगळी उसवत बसले.

तू गेल्यावर माणसं भरपूर आली रे. पुण्यानुमोदनाला भन्तेजी आले, विहारातले सगळे आले, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, एकेकानं उभं राहून तुझ्याबद्दल चांगलं सांगितलं. इतकं चांगलं की मला वाटलं, हे कोणा दुसऱ्याबद्दलच बोलून राहिलेत. एक जण म्हणाला, मिलिंदभाऊ शांत स्वभावाचे होते. तू! ज्याची बडबड ऐकून माझ्याकडे माप द्यायला आलेल्या बायका म्हणायच्या, "भावाले जरा चूप बसव वं." मग सतरंज्या गुंडाळल्या, भाड्याच्या खुर्च्या गेल्या, नातेवाईक गेले, आणि मी उरले. आता मी बोलते, तू ऐक. लिहायला बसलं की माझ्या 'मले'चं 'मला' होतं, शाळेतल्या बाईंचा मार आठवतो. हसू नको.

तो चष्मा घरी आला तो दिवस मला चांगला आठवतो. पुण्याच्या कोण्या कॉलेजच्या पोराचा वापरलेला, फोनवर फोटो पाहून घेतलेला. तू खोकं उघडलंस आणि आतून निघाला काळा डबा, पुढं चार अँटेना, मागं पट्टा. मी म्हटलं, हे काय आणलंस बे, बैलाची झापडं? तू ती लगेच डोळ्यांवर चढवलीस आणि खोलीभर हात पुढे करून फिरलास. मला समजावून सांगितलंस की ह्याच्यात दोन लहान पडदे असतात, एकेका डोळ्यापुढे एक. ड्रोनच्या नाकावरचा कॅमेरा जे पाहतो ते ह्यात दिसतं. माणूस खाली बांधावर उभा, आणि नजर वर.

"मंग कर ना चालू," मी म्हटलं.

चालू काय होणार, त्याची बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली होती. पोरानं ते फोटोत बरोबर लपवलं होतं. कंपनीची नवी बॅटरी शोधलीस तर ती यायचीच बंद झालेली. दुसरा कोणी असता तर शिव्या घालत बसला असता. तू त्या पोराला शिव्या घातल्यास, नाही असं नाही, पण आनंदात घातल्यास. तुला काहीतरी उघडायला मिळालं होतं ना.

मग सुरू झालं ते भंगारवाल्याकडून लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटऱ्या आणणं. त्या फोडायच्या, आतले गोल सेल काढायचे, एकेकाला मीटर लावायचा, भरायचे, दोन दिवस ठेवायचे, परत मीटर लावायचा. माझ्या कटिंगच्या टेबलावर सेलांची रांग. मी ओरडायची की गिऱ्हाइकाच्या साड्यांवर तेल-बिल सांडशील तर बघ, आणि तू म्हणायचास, "तेल नसते वं ह्याच्यात. आग असते." वर दात काढून हसायचास. त्या दिवसापासून मी साड्या उचलून पलंगावर ठेवायला लागले.

दोन सेल एकामागे एक जोडायचे होते. तू म्हणालास, दोन्ही सारख्या ताकदीचे पाहिजेत. "एक दमदार अन् एक मरतुकडा असला तं मरतुकडा आधी बसते अन् दमदारालेही घेऊन बसते."

"आपल्या दोघांसारखं," मी म्हटलं.

"त्यातला मरतुकडा कोन?"

"आरशात पाह्य."

तू सोल्डरिंगचा डाग देता देता हसलास, हात हलला, कथलाचा थेंब टेबलाच्या सनमायकावर पडला. तो डाग अजून आहे. आधी त्याच्यावर मी रोज चडफडायची. आता कापड पसरताना तेवढी जागा झाकत नाही.

त्या नव्या बॅटरीला खिसा मी शिवला. जुन्या जीन्सचा पट्टा, मागे खिसा, म्हणजे वजन डोक्याच्या मागे जाऊन चष्मा नाकावर घसरणार नाही. शिवण इतकी पक्की घातली की तू म्हणालास, बैल बांधता येईल. तोंडाला लागायची फोमची गादीही मीच केली, वर ब्लाऊजच्या अस्तराचं सुती कापड. आणि तिथेच घोळ झाला. चष्म्याच्या वरच्या अंगाला दोन बारीक भोकं होती, आतला पंखा तिथून हवा ओढायचा. मला काय माहीत! मला ती भोकं दिसली आणि वाटलं ह्यातून धूळ जाईल, माझ्या भावाचा एकच डोळा, त्यालाही काही झालं तर. मी ती छान डबल कापडानं झाकून टाकली. तू पहिल्यांदा शेतात उडवलास, आत वाफ धरली, तुला सगळं धुकं दिसायला लागलं आणि तुझा तो तळहाताएवढा ड्रोन, आपला भुंगा, सरळ बांधावरच्या निंबात. झाडावर चढून मी काढला. ह्या वयात, साडी खोचून! तू खाली उभा राहून "डावीकडे, डावीकडे" करत होतास आणि हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी. दोन्ही डोळ्यांतून. मी तेव्हाच पाहिलं होतं की न दिसणाऱ्या डोळ्यातूनही पाणी येतं.

तो डोळा. त्याच्याबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. तू लहान होतास, कापूस वेचून झाला होता, कपाशीची वाळकी पऱ्हाटी उभी होती, तू तिच्यातून धावत आलास आणि एक काडी डाव्या डोळ्यात गेली. कोणाचा दोष नव्हता, म्हणून कोणावर रागवायचीही सोय नव्हती. माय तेव्हापासून मला म्हणायची, त्याच्या डाव्या अंगानं चाल. मी चालले. शाळेत जाताना, बाजारात, लग्नाच्या वरातीत, मी तुझ्या डावीकडे, तू माझ्या उजवीकडे. लोणारला लग्न होऊन राहिले तेवढी वर्षं सोडून. तिथलं सगळं मोडून मी परत आले, तेव्हा तू काहीच विचारलं नाहीस. बसमधून पेटी उतरवलीस आणि सवयीनं डावीकडे जागा सोडून चालायला लागलास. मीही तिथे येऊन चालायला लागले. कोणी माझं इतकं चांगलं स्वागत केलं नाही कधी. हे तुला सांगायला पाहिजे होतं, आणि मी सांगत होते काय तर, पेटी सांभाळून धर.

गावात तुला काण्या म्हणायचे. शाळेत तर मास्तरही. क्रिकेटमध्ये तुला कोणी घ्यायचं नाही, चेंडू किती लांब आहे ते तुला कळायचं नाही म्हणून. पोरी पाहायला गेलो तर दोन ठिकाणी चहा प्यायच्या आधीच नकार. मग तू म्हणालास आता बस, आणि मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात डोकं घातलंस ते घातलंसच. एवढं सगळं झालेला माणूस एक दिवस शेतातून नाचत घरी येतो, म्हणतो, "ताई वं, गंमत सांगू? कॅमेऱ्याले एकच डोळा असते!"

मला कळेना ह्यात एवढं काय आहे.

"अवं, ड्रोनवर कॅमेरा एक. दोन्ही पडद्यावर चित्र तेच. म्हंजे चष्मा घातला का दोन डोळ्यावाल्यालेही लांब-जवळ समजत नाही. सगळे काणे! त्यायले शिका लागते. मले काय शिका लागते? मी तं लहानपनापासून तेच करून राह्यलो." मग तू मला समजावलंस की जवळची वस्तू भरभर सरकते, लांबची हळू, त्यावरून अंतर धरायचं. तू रस्ता ओलांडताना डोकं जरासं हलवायचास, ते त्याच्यासाठी. इतकी वर्षं मला वाटायचं मानेची सवय आहे.

मी तुला एवढा खुश कधी पाहिला नव्हता. मला हसू आलं, रडूही आलं, आणि मी म्हटलं, हात धुऊन ये, भाकर थंड होऊन राहिली.

आणि त्याच आठवड्यात तू चष्मा परत उघडलास आणि डावा पडदा बंद करून टाकलास. मला काय करायचा, म्हणालास, उगाच बॅटरी खाते. तार सोडवलीस, टोकाला चिकटपट्टी लावलीस. खरंच, त्यानंतर बॅटरी बरीच जास्त चालायला लागली. तुझं बरोबरच होतं. पण तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं, ते आजपर्यंत मिटलं नाही.

आपलं शेतात जाणं कसं असायचं, आठव. सोयाबीन निघालं की रान मोकळं व्हायचं. तू बांधावर बसायचास, चष्मा चढवायचास, आणि त्यानंतर तुला आजूबाजूचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. मी तुझ्या डावीकडे उभी, हात तुझ्या खांद्यावर. माझं काम भुंग्यावर नजर ठेवायची आणि माणूस-ढोर आलं की सांगायचं. "बाई येऊन राह्यली पान्याचा हंडा घेऊन, थांब." "तार आहे समोर, तार." एकदा एक गाय तुझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली आणि बॅटरीचा खिसा हुंगायला लागली, तू म्हणालास, "ताई, काऊन मानेवर श्वास सोडून राह्यली?" मी तोंडात पदर कोंबून हसत होते.

आणि तू वरून काय काय दिसतं ते सांगत राहायचास. विहिरीतलं पाणी हिरवं आहे. आपल्या घराच्या टिनावर पोरांचा चेंडू पडलाय. घाट निळा दिसून राहिलाय. मी ऐकायची, आणि माझा जीव तुटायचा रे. मला पाहायचं होतं. जन्मभर मान खाली घालून कापड पाहिलं, एकदा वरून पाहायचं होतं, बस.

तू द्यायचास, नाही असं नाही. पण उजव्या पडद्यातच. एका डोळ्यापुढे शेत फिरतंय, दुसऱ्यापुढे काळोख. मला गरगरायचं. एकदा तर उलटी झाली. मी म्हणायची, दुसरा पडदा जोड. तू म्हणायचास, बॅटरी. मी म्हणायची, खड्ड्यात गेली बॅटरी, दुसरी बनव. मग तू खरं कारण काढायचास, "चष्मा तू घातला तं उडवन कोन? माह्या ह्या एका डोळ्यानं दुरून कसं समजन तो किती लांब आहे? चष्मा काढला का मी परत काण्या." ते वाक्य ऐकलं की मी गप्प व्हायला पाहिजे होतं. मी काय म्हटलं शेवटी? "जाऊ दे, तुझा चष्मा तुलेच लखलाभ." आणि दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू पण बोलला नाहीस, आणि तू गप्प राहणं म्हणजे काय, ते फक्त मला माहीत.

त्यानंतरचे तुझे उद्योग मी पाहत होते, पण समजले नाही. तू मागच्या अंगणात भुंगा बिनचष्म्याचा उडवायला लागलास. डोकं हलवत, डोळा बारीक करत. सारखा तुराट्यांच्या कुंपणात जाऊन अडकायचा. मी खिडकीतून म्हणायची, "चष्मा लाव ना बे, कायले हाल करतं त्याचे?" तू म्हणायचास, सवय करून राहिलो. मला वाटलं बॅटरी वाचवून राहिलास. चिक्कूपणा, दुसरं काय.

मग एक दिवस गादी घेऊन आलास. हिला डावीकडे एक काज करून दे म्हणालास, बोटभर. कशाला, तर म्हणे वारा लागला पाहिजे, डाव्या बाजूनं घाम येतो. "त्या डोळ्याले काय घाम येते तुह्या?" असं मी फटकन बोलले. तू म्हणालास, "येते वं. तू कर ना." केलं. चांगलं गोल टाक्याचं काज केलं, तशी काजं मी फक्त लग्नाच्या कोटाला करते. तू ते बोट घालून पाहिलंस आणि म्हणालास, मस्त. एवढंच म्हणालास.

तुझ्या छातीत दुखायला लागलं त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी जीप काढली. बुलढाण्याला न्यायचं म्हणून घाट चढायला लागलो. मी तुझ्या डावीकडेच बसले होते. तू घामानं भिजलेला, हात माझ्या हातात, आणि मला विचारतोस, "ताई, चार्जर काढला का?" मी म्हटलं, हाव रे, काढला. मी पाहिलंसुद्धा नव्हतं. तुला शांत करायचं होतं. त्यानंतर तू काही बोलला नाहीस. घाट संपला, दिवे दिसायला लागले, आणि ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळं आटोपून घरात आले तर चार्जरचा हिरवा दिवा चालू होता. मी तो काढला आणि तिथेच खाली बसले. बाकीच्या बायकांना वाटलं चक्कर आली.

आता मला सांगतात, ताई, बाहेर निघत जा. निघते ना. परवा आठवडी बाजारात गेले होते. भाजीवाली म्हणाली, "ताई, गटारीच्या कडेनं काऊन चालून राह्यल्या? रस्ता मोकळा आहे." मी पाहिलं तर खरंच, मी अगदी कडेला, आणि माझ्या उजवीकडे माणूसभर रस्ता रिकामा. मला त्या बाईचा इतका राग आला. मेथी न घेताच आले.

घरात डाग देतानाचा तो धुराचा वास नाही. मशीन थांबवली की काहीच ऐकू येत नाही. म्हणून मी मशीन थांबवत नाही. फोनवर चिखलीच्या त्या माणसाचा आवाज आला तेव्हा खरं सांगू, दोन मिनिटं बरं वाटलं होतं. कोणीतरी चष्म्याबद्दल बोलून राहिलं होतं.

म्हणून आज दुपारी तो काढला. विकायचा तर निदान धुऊन द्यावा म्हटलं, दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. खरं म्हणजे गादी न काढताच नाकाला लावली. तुझं खोबरेल आणि घाम. तशीच घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. तो वास साबणात घालायला माझा हात होईना. शेवटी म्हटलं, नवी शिवून देऊ, ही ठेवून घेऊ. म्हणून मागच्या चिकटपट्टीवरून ती पूर्ण सोडवली.

काजाच्या मागे एक स्विच होता.

लहान, काळा, मुगाच्या दाण्याएवढा. बरोबर त्या काजातून बोट जाईल तिथे. डब्याला भोक पाडून बसवलेला, कडेनं गरम गोंद, तुझा नेहमीचा, जरा जास्तच घातलेला. त्यातून निघालेली तार आत डाव्या पडद्याकडे गेलेली. वारा लागला पाहिजे म्हणे! मिल्या, मेल्या, सांगितलं का नाही?

बॅटरी मागच्या खिशातच होती. त्या दिवशी चार्जरचा दिवा हिरवा होता, म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भरलेला सेल तसाच ठेवला तर खराब होतो, हे तूच मला शंभरदा सांगायचास. तू उडवायच्या आदल्या दिवशीच चार्जिंगला लावायचास, एरवी कधीच नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशी आपण जाणार होतो. अंगणात तुराट्यांवर आदळत आदळत तू बिनचष्म्याचा उडवायला शिकत होतास, ते माझ्यासाठी. चष्मा मी घालणार होते. मला काही दिसलं नसतं आजूबाजूचं, आणि तू माझ्या शेजारी उभा राहून सांगणार होतास, बाई येऊन राह्यली, थांब. जीपमध्ये चार्जर काढला का विचारत होतास तेव्हा तुझ्या मनात हे होतं. मी 'हाव' म्हटलं आणि तू गप्प झालास.

मी खूप रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडले, मशीन बंद होती तरी.

मग तोंड धुतलं आणि बसले पुढच्या खोलीतल्या बाकड्यावर. गादी परत लावली, पट्टा डोक्यावर ओढला, चालू केला. उजव्या डोळ्यापुढे नुसत्या मुंग्या, जुन्या टीव्हीवर यायच्या तशा. भुंगा बंद असला की तसंच दिसतं, ते माहीत होतं. काजात बोट घातलं, स्विच सरकवला. डाव्या बाजूलाही मुंग्या आल्या. दोन्ही डोळे भरून मुंग्या, खरखर नुसती, आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

भुंगा तुझ्या डब्यात होता, त्याची बारकी बॅटरी अर्धी भरलेली, ती तू अगदी निघायच्या आधीच पूर्ण भरायचास. चष्मा कपाळावर सरकवून मी ती लावली. चष्मा तोंडावर असला की तूही ती मलाच लावायला सांगायचास, त्यामुळे हात बसलेला आहे. टिटी-टिटी बोलला तो. फार वेळ चालू ठेवला तर तापतो, तेही माहीत आहे. मी तो समोर मशीनवर ठेवला, बाकड्यावर येऊन बसले आणि चष्मा खाली ओढला. कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे ते मी पाहिलंच नव्हतं.

समोर एक बाई बसलेली. पांढरे झालेले केस, डोळ्यांवर काळा डबा. मला ओळखायला वेळ लागला. मग म्हटलं, माय वं, ही तर मी.

तेवढ्यात मांडीवरचा फोन वाजला. तो शोधता शोधता किती तारांबळ, चष्मा काढायचं सुचलं नाही. समोरच्या त्या बाईकडे पाहून पाहून हात नेला, तर डावा वाटतो तो उजवा. तुला हे पाहायला पाहिजे होतं. चिखलीचाच होता.

"ताई, पाह्यलं का? दोन्ही पडदे चालू आहेत ना?"

"हाव," मी म्हटलं, "दोन्ही चालू आहेत. एकदम चांगले. पन द्याचा नाही."

तो काहीतरी म्हणाला, मी फोन ठेवला. भुंगा तापायच्या आत एकदा नीट पाहून घ्यावं म्हणून मी पाहत राहिले. खोली तीच. मागे दार उघडं, दारात ऊन. बाकडं लांबलचक, तीन गिऱ्हाइकं आरामात बसतात. आणि ती बाई पार तिच्या डाव्या हाताच्या टोकाला, अर्धी बाहेर, आता पडते की मग पडते अशी अंग चोरून बसलेली. तिच्या उजवीकडे एक माणूस बसेल एवढी जागा.

मी सरकले नाही.